25 लाखांचा प्रांत आणि दोन खोल्यांचे भाडे

आपला सगळा वऱ्हाड प्रांत एकदा भाड्याने दिला गेला होता. 5 नोव्हेंबर 1902 रोजी हैदराबादचे निजाम मीर महबूब अली खान आणि इंग्रज सरकार यांच्यात करार झाला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने राहील आणि त्याबद्दल निजामाला दरसाल 25 लाख रुपये मिळतील, असे त्यात ठरले. घरमालक निजाम, भाडेकरू लॉर्ड कर्झनचे सरकार, आणि घरात राहणारी 27 लाखांवर माणसे. त्यांना मात्र कुणी काही विचारले नव्हते.

परतवाड्याच्या माणसाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी, कारण त्याचे गाव याच देण्याघेण्यातून वाढले. निजामाच्या पैशावर पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती, आणि परतवाडा ही त्या छावणीचीच वस्ती. फौजेचा पगार थकत गेला आणि निजामावरचे कर्ज 50 लाखांच्या घरात पोहोचले. 21 मे 1853 च्या तहाने निजामाने त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवला. पुढे 1860 च्या तहात कर्ज माफ झाले, पण वऱ्हाड परत मिळाला नाही. कारभाराचा आणि फौजेचा खर्च वजा जाता जी शिल्लक उरेल ती निजामाला द्यायची, असे ठरले. खर्च किती करायचा हे इंग्रजच ठरवत आणि हिशेबही तेच लिहीत. त्यामुळे शिल्लक कधी उरे, कधी नावापुरती उरे, आणि हैदराबादची तक्रार वर्षानुवर्षे चालू राही. ती कटकट 1902 च्या ठोक रकमेने मिटवली.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढच्या प्रवासामुळे. कापसाचा भाव पहिल्या महायुद्धात वर गेला, 1930 नंतरच्या मंदीत कोसळला. जमिनीचा सारा फिरून आकारला गेला, रेल्वेचे नवे फाटे आले, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. 1936 मध्ये निजामाशी नवा करार झाला. त्यात वऱ्हाडवरचे त्याचे स्वामित्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. भाडे मात्र तेच, 25 लाख. एका दिवशी ठरवलेला आकडा जवळपास तीन तपे उलटली तरी जागचा हलला नव्हता.

एका दिवशी भाडे ठरवायचे आणि मग तो दिवसच गोठवून ठेवायचा, ही रीत वऱ्हाडात तिथे संपली नाही. ती प्रांताच्या पट्ट्यावरून दोन खोल्यांच्या भाडेपावतीपर्यंत उतरली.

त्याआधी मोजणीविषयी सांगायला हवे, कारण मोजणी आणि भाडे यांचे नाते वऱ्हाडात जुने आहे. 1861 पासून इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताचे मोजमाप झाले, मातीचा थर किती खोल, रंग कसा, चुनखडी किती हे पाहून प्रतबंदी झाली, आणि उत्तम जमिनीला 16 आणे धरून बाकीच्या जमिनी त्या मापाने खाली लावल्या गेल्या. गावांचे गट पाडताना बाजारपेठ किती लांब आहे हेही बघितले गेले. त्यावरून सारा ठरला आणि तो 30 वर्षांसाठी बांधला गेला. सरकार जमिनीचे रास्त भाडे ठरवत होते आणि त्यासाठी बांधाबांधावर जाऊन माहिती गोळा करत होते. ती माहिती कुणाच्या सोयीसाठी होती यावर वाद घालता येईल, पण ती होती.

माणसांची मोजणीही लवकर झाली. देशभर एकाच वेळी शिरगणती व्हायला 1881 उजाडले, पण वऱ्हाडात 7 नोव्हेंबर 1867 रोजीच माणसे मोजली गेली. तेव्हा ती सुमारे 22 लाख भरली. 1891 मध्ये आकडा 28,97,491 वर गेला आणि 1901 मध्ये 27,54,016 वर उतरला. दहा वर्षांत माणसे वाढायची ती जवळपास दीड लाखांनी कमी झाली होती. 1899-1900 च्या दुष्काळाची खूण सरकारी दप्तरात अशी उमटली आहे. 1902 च्या पट्ट्यावर सही झाली ती या गणतीनंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी.

शेताच्या मातीचा आणा सांगणाऱ्या त्या दप्तरांत गावातल्या भाड्याच्या खोलीचा उल्लेख मात्र नव्हता. भाड्याने राहणारी माणसे तेव्हा थोडी होती. कारकून, शिपाई, मास्तर, वकील, जंगल खात्याचे लोक आणि हंगामापुरते येणारे दलाल, एवढीच. पण परतवाड्यात नेमकी हीच माणसे जास्त होती. अचलपूर हे जुने नवाबी शहर, वाडे आणि वेशींचे. तिथे राहणारा आपल्या वाडवडिलांच्या घरात राही. परतवाडा ही छावणीची आणि कचेऱ्यांची वस्ती, आणि एलिचपूर जिल्ह्याच्या मुख्य सरकारी इमारती तिथेच होत्या. बदलीवर आलेला माणूस इथे खोली शोधायचा.

मग तीन वर्षांत दोन धक्के बसले. पट्टा झाल्यावर कंटिंजंट फौज वेगळी राहिली नाही, 1903 मध्ये ती हिंदी लष्करात सामील झाली. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडला. 2,605 चौरस मैलांचा आणि 1901 च्या गणतीत 2,97,403 वस्तीचा तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. त्या काळातल्या भाड्याचे आकडे कुणी लिहून ठेवले असते तर छावणी आणि जिल्हा कचेरी उठल्यावर घरभाड्याचे काय होते हे आज वाचता आले असते. कल्पना मात्र करता येते. खोल्या रिकाम्या पडल्या असतील आणि घरमालक स्वतः भाडेकरू शोधत फिरले असतील. पुढे 1913 मध्ये मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी अचलपूरला आली, तिलाच आपण शकुंतला म्हणतो. कापूस आणि मेळघाटचे सागवान यांनी परतवाड्याला पुन्हा हात दिला. लाकडाच्या वखारी आल्या, मिलचे कामगार आले, भाडेकरूही आले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तसे शहरांत घरे मिळेनात. फाळणीनंतर निर्वासित आले आणि टंचाई दुप्पट झाली. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने 1946 मध्ये घरे भाड्याने देण्याचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याखाली 1949 मध्ये आदेश काढला. विदर्भातल्या वकिलांच्या तोंडी तो ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ म्हणूनच आहे. पुढची 50 वर्षे परतवाड्यातल्या खोलीचे आणि दुकानाचे भाडे या आदेशाच्या छत्राखाली राहिले.

त्या आदेशात रास्त भाडे काढण्याची रीत अशी होती. भाडेकरूने किंवा घरमालकाने अर्ज करायचा. रेंट कंट्रोलर, म्हणजे बहुधा महसूल खात्याचाच अधिकारी, थोडक्यात चौकशी करणार. त्याने पाहायचे ते एवढेच, की 1 एप्रिल 1940 पूर्वीच्या बारा महिन्यांत तशाच घराला, तशाच परिस्थितीत काय भाडे चालू होते. त्यात दुरुस्तीचा खर्च वाढला असेल तर तो धरायचा, आणि घर 1940 नंतरचे असेल तर जागेच्या आणि बांधकामाच्या वाढलेल्या किमतीचा विचार करायचा. त्यातून निघेल ते रास्त भाडे.

वाचताना हे सोपे वाटते, करताना फार कठीण होते. समजा 1955 साली परतवाड्यातला एक मास्तर कंट्रोलरकडे गेला. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी, विहीर सामाईक. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी या खोल्यांचे भाडे काय होते? पावती तेव्हा सगळेच देत नव्हते. दिलेली कुणी जपली नव्हती. मग नगरपालिकेच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा उतारा काढायचा, शेजारच्या म्हाताऱ्याची साक्ष घ्यायची, जवळच्या घराशी ताडून बघायचे. ‘तसेच घर’ म्हणजे कोणते, यावर दोन्हीकडचे वकील वाद घालणार. शेताच्या प्रतबंदीसाठी माणसे शेतात खड्डे खोदून माती पाहत होती. इथे एकट्या अधिकाऱ्याला लोकांच्या आठवणी खोदायच्या होत्या. असे निकाल अनेकांनी प्रामाणिकपणे दिले असतील, याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक निकाल त्या एका खोलीपुरता राहिला. त्यातून गावाच्या भाड्याचा तक्ता कधी तयार झाला नाही.

शिवाय ते वर्ष. 1939-40 हे वऱ्हाडातल्या शहरांसाठी साधे वर्ष नव्हते. इथल्या बाजाराची नाडी कापूस आहे, आणि कापसाने आदले दशक मंदीत काढले होते. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यात नाही, आणि मग खोलीचे भाडे वर कशाने जाणार? त्या पडत्या दशकाच्या शेवटच्या वर्षाचा भाव पुढच्या अर्ध्या शतकाचे माप ठरला.

आदेशाने भाडेकरूला त्याहून मोठे बळ दिले ते तेराव्या कलमाने. कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून घर सोडण्याची नोटीसच देता येत नसे. तीन महिन्यांचे भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, घरमालकाला स्वतःला खरोखरच गरज पडली, अशी ठरावीक कारणे दाखवावी लागत. घर रिकामे झाले की सात दिवसांत सरकारला कळवायचे, आणि सरकारने ते नोकरदाराला किंवा निर्वासिताला द्यायचे, अशीही तरतूद होती. 1949 साली डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की या आदेशाची माणुसकी समजते. मी तो चुकीचा मानत नाही. चूक झाली ती तो तसाच ठेवण्यात.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, पण घरभाड्याचे तीन मुलूख तसेच राहिले. मुंबई-पुण्याकडे 1947 चा कायदा आणि 1 सप्टेंबर 1940 हा पायाचा दिवस. मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा कायदा. आणि आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश, ज्या नावाचा प्रांत नकाशावर उरलाच नव्हता. एकाच राज्यात, एकाच हुद्द्याचे तीन कारकून तीन वेगळ्या न्यायाने भाडे देत होते.

गोठलेल्या भाड्याचा मार घरमालकाला बसला हे सगळे सांगतात. मातीच्या भिंती आणि धाब्याचे छत दर पावसाळ्याआधी हात मागते. चार-सहा रुपये भाड्यात तो हात कोण फिरवणार? परंतु मार गावालाही बसला, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. नगरपालिकेचा घरपट्टीचा हिशेब घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर उभा असतो: घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवीपणे जे भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून उरेल ती रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने आधी कलकत्त्याच्या पद्मा देबी प्रकरणात आणि पुढे दिल्लीच्या देवान दौलत राय कपूर प्रकरणात तत्त्व घालून दिले, की कायद्याने ठरवलेल्या भाड्यापेक्षा जास्त भाडे मिळेल असे धरून कर लावता येत नाही. तत्त्व न्यायाचेच आहे. पण त्याचा अर्थ असा, की भाडे गोठले की करही गोठतो. मग नाल्या, दिवाबत्ती, नळ यांचे पैसे कुठून यायचे? जुन्या गावठाणांच्या अरुंद बोळांत उघडी गटारे दिसतात तेव्हा मला 1 एप्रिल 1940 ही तारीख आठवते.

शेवटी कोंडी फोडली न्यायालयानेच. 19 डिसेंबर 1997 रोजी मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्याबद्दल स्पष्ट सांगितले, की एकेकाळी वाजवी असलेले भाडे दशकानुदशके गोठवून ठेवल्याने आता अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून तिन्ही मुलखांना लागू झाला. जुन्या कायद्याखाली ठरलेले भाडे असेल तर त्यात 5 टक्के मिळवायचे. ठरलेले नसेल तर 1 ऑक्टोबर 1987 रोजी जे भाडे होते ते धरायचे आणि त्यावर 5 टक्के. पुढे घरमालकाला दरसाल 4 टक्के वाढ मागता येते. कंट्रोलरची कचेरी मागे पडली, दावे दिवाणी न्यायालयात गेले. हा कायदा जुन्यापेक्षा नक्कीच बरा आहे. तरी त्याच्या मुळाशीही एक गोठवलेला दिवस आहेच, फक्त 1940 च्या जागी 1987.

आता सरकारच्या दुसऱ्या हाताकडे पाहू. एक हात भाडे बांधतो, दुसरा हात आपल्या नोकरांना भाड्यासाठी पैसे देतो. त्या घरभाडे भत्त्याचा पाया थेट जनगणनेत आहे. सहाव्या वेतन आयोगापासून केंद्र सरकारने शहरांचे तीन वर्ग केले. 50 लाख आणि त्यावरील वस्तीचे एक्स, 5 ते 50 लाखांचे वाय, आणि उरलेला सगळा देश झेड. जानेवारी 2024 पासून या वर्गांना मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के भत्ता मिळू लागला. 2011 च्या गणतीत अमरावती 6,47,057 भरली म्हणून वाय. अकोला 4,25,817 म्हणून झेड. अचलपूर नगरपालिका, जिच्यात परतवाडाही येतो, 1,12,311 म्हणून तीही झेड.

म्हणजे केंद्राच्या हिशेबात अकोल्यातली खोली आणि परतवाड्यातली खोली एका भावाची. आणि परतवाड्याहून सुमारे 50 किलोमीटरवरच्या अमरावतीतली खोली दुप्पट भावाची. 30,000 रुपये मूळ पगाराच्या माणसाला अमरावतीत 6,000 मिळतात, अकोल्यात 3,000. अकोल्यात राहिलेल्या कुणालाही विचारा, तिथले भाडे अमरावतीच्या निम्मे आहे का. 2016 मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढली, भोवतालची गावे शहरात आली, पण त्यानंतर गणतीच झाली नाही. 2021 ची जनगणना राहिली ती राहिलीच. अजून 2011 चीच शिरगणती भत्त्याचे माप आहे. तिथेही दिवस गोठला.

माणसांच्या संख्येवरून भाडे ओळखायचे, यात एक गृहीत आहे की मोठे शहर म्हणजे महाग खोली. ढोबळमानाने ते खरे आहे, पण परतवाड्यासारख्या गावाला ते लागू पडत नाही. मेळघाटात नेमणूक झालेला शिक्षक, आरोग्यसेवक, जंगल खात्यातला माणूस मुलांच्या शाळेसाठी कुटुंब परतवाड्यात ठेवतो. धारणी, चिखलदरा, बैतूलकडच्या वाटा इथूनच फुटतात. वस्ती लाखाची असली तरी खोली मागणारा मुलूख त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि तो मुलूख शिरगणतीच्या त्या एका आकड्यात दिसत नाही.

अमेरिकेत हे काम वेगळ्या रीतीने होते. 1974 च्या कायद्यापासून तिथे गरीब कुटुंबांना खासगी घरात राहण्यासाठी सरकार भाड्याचा वाटा देते. तो देण्यासाठी प्रत्येक भागाचे रास्त बाजारभाडे दरवर्षी जाहीर करावे लागते. जनगणना खाते दरसाल मोठी नमुना पाहणी करते आणि तीत भाडेकरूला सरळ विचारते, महिन्याला किती देता? गृहनिर्माण खाते ती उत्तरे घेते. नुकतेच घर बदललेल्यांचे भाडे वेगळे पाहते, कारण आज खोली शोधणाऱ्याला जुन्या भाडेकरूचा भाव मिळत नाही. पाहणी हाती येईपर्यंत वेळ गेलेला असतो, म्हणून महागाईच्या निर्देशांकाने आकडा पुढे आणते. शंभर घरे भाड्याच्या चढत्या क्रमाने उभी केली तर चाळिसाव्या घराजवळ जे भाडे येईल ते प्रमाण धरते. हा आकडा आपल्यासाठी चुकीचा आहे असे एखाद्या भागाला वाटले तर तो स्वतः पाहणी करून दाखवू शकतो. तिथेही भाडी भडकलेली आहेत आणि ही रीत निर्दोष नाही. पण तिची सुरुवात विचारण्यापासून होते.

आपल्याकडे कुणीच विचारत नाही असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरांच्या पाहणीत भाडे विचारतात, पण त्यांचा नमुना तालुक्यापर्यंत पोहोचण्याइतका मोठा नसतो. औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकासाठी लेबर ब्युरो दर सहा महिन्यांनी त्याच त्या घरांत जाऊन भाडे नोंदवते. 2016 च्या पायावर त्या निर्देशांकात घराला 16.87 टक्के वजन आहे आणि देशात 88 केंद्रे आहेत. त्यांत नागपूर आहे, परतवाडा नाही.

आणि जनगणना, जी खरोखर प्रत्येक दारात जाते? 2010 च्या घरयादीत 35 प्रश्न होते. भिंत कशाची, छत कशाचे, पाणी कुठून आणता, चूल कोणत्या सरपणावर, दूरदर्शन आहे का, सायकल आहे का. घर स्वतःचे की भाड्याचे, हाही एक प्रश्न होता. भाडे किती, हा नव्हता.

एका जादा रकान्याने काय झाले असते? देशातल्या प्रत्येक गावाचे, प्रत्येक वॉर्डाचे, एका खोलीचे आणि तीन खोल्यांचे, मातीच्या आणि सिमेंटच्या घराचे भाडे एकाच गणतीत कागदावर आले असते. लोक खोटे सांगतील, घरमालक करासाठी लपवतील, ही अडचण खरी आहे. पण शेताचा सारा ठरवतानाही लोक काही मनापासून सांगत नव्हते, आणि तरी त्या काळी प्रत्येक बांधापर्यंत माणूस गेला होता. भाडे देणाऱ्याला तर लपवण्याचे कारणही कमी असते. त्याला विचारले तर तो सांगेल, आणि बहुधा थोडे गाऱ्हाणेही सांगेल.

पुढच्या गणतीचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 ठरला आहे आणि तिची घरयादी 2026 मधली. गणनेला येणारे बहुतेक जण शिक्षकच असतात आणि त्यांतले कितीतरी स्वतः भाड्याच्या घरात राहतात. 2010 च्या उन्हाळ्यातही त्या दारांवर असेच काही बोलणे झाले असेल.

“घर सोताचं की भाड्याचं, काकू?”

“भाड्याचं हाय जी.”

काकू भाड्याचा आकडा सांगायच्या बेतात असतात. गणकाने ‘भाड्याचे’ या खान्यात खूण केलेली असते. पुढचा प्रश्न खोल्या किती, हा असतो.